पाटी नसलेला पंप

१

सोमवारी सकाळी तृप्तीने पंपाचं बटण दाबलं आणि पाच-सहा सेकंदांतच तिची किंकाळी अंगणापर्यंत ऐकू आली.

अमिता बोबडे बाहेर संत्र्यांचे क्रेट उतरवून घेत होती. ती धावत आत गेली. पंपाच्या झाकणाच्या कडेतून माल्टचा उकळता काढा पंख्यासारखा फुटून उडत होता आणि तृप्ती डावा हात छातीशी धरून भिंतीला टेकली होती. मोरेश्वर फिटरने आधी मेन स्विच पाडला, मग तृप्तीला धरून नळाखाली नेलं.

"हात काढू नको बाई. जळजळ झाली तरी काढू नको. पाणी पडून राहू दे."

वीस मिनिटं तो तिचा हात नळाखाली धरून उभा होता. त्याच्या स्वतःच्या पायावरही काढा उडाला होता, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही.

सौसरहून पांढुर्ण्याकडे जाताना लागणारी ही छोटी ब्रुअरी अमिताने दोन वर्षं खपून उभी केली होती. एका वेळी पाचशे लिटर बिअर, आणि त्यात इथल्याच संत्र्यांच्या सालीचा स्वाद. बिअर बनवणारी तृप्ती पांढुर्ण्याची, पुण्यात शिकून आलेली. सगळं जमलं होतं, फक्त एका टाकीतून दुसऱ्या टाकीत माल नेणाऱ्या पंपावर घरात वाद झाला होता. अमिताचा मोठा भाऊ वीरेंद्र, तिचा भागीदार, नवाच पंप घ्या म्हणत होता. नवा पंप यायला दोन महिने लागणार होते आणि तोवर संत्र्याच्या आंबिया बहाराची फळं संपली असती. तिगावचा मोरेश्वर कळंबे म्हणाला, "माझ्या नजरेत एक जुना आहे. नव्याहून जाड अंगाचा." त्याने तो आणला, सगळ्यांसमोर हाताने फिरवून दाखवला, आतली पाती बोटाने चाचपून दाखवली. शुक्रवारी दिवसभर पाण्यावर चालवला. एक थेंब गळला नाही.

आणि सोमवारी हे.

तृप्तीला दवाखान्यात पोचवून वीरेंद्र परतला तो थेट पंपापाशी गेला. जरा वेळाने त्याने हाक मारली.

"अमिता, इकडे ये. हे पाह."

पंपाच्या अंगावर, मोटरच्या बाजूला, चार बारीक छिद्रं होती. त्यांत भरलेलं ग्रीस उकळत्या काढ्याने वितळून ओघळलं होतं. चार छिद्रांच्या मध्ये धातूचा रंग जरा फिका होता, वहीच्या पानाच्या अर्ध्याएवढा चौकोन.

"इथं पाटी होती. कोणीतरी काढली अन् छिद्रं बुजवली." वीरेंद्र मोरेश्वरकडे वळला. "कोणी काढली?"

"मी काढली," मोरेश्वर म्हणाला.

"काहून?"

"थे नाई सांगू शकत भाऊ."

"पंप कोणाचा आहे?"

मोरेश्वरने मान खाली घातली. "पंप चांगला आहे. चोरीचा नाई. याच्यावर मले काही नका विचारू."

"पोरीचा हात जळला अन् तुम्ही म्हणता विचारू नका! चोरीचा माल आहे हा, म्हणून पाटी काढली. गुरुवारपर्यंत सांगा, नाही त मी ठाण्यात जातो."

मोरेश्वरने हत्यारांची पिशवी उचलली. दारात थांबून तो अमिताला म्हणाला, "पोरीच्या हाताले बर्फ नका लावू, ताई." आणि लंगडत निघून गेला.

२

अमिता दुपारी सौसरला जयश्री खवसेंकडे गेली. अमिताच्या आईची ही मैत्रीण सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाली होती. रक्ताच्या काचा बघण्यात आयुष्य गेलेलं. वसतिगृहातल्या मुली एकाएकी आजारी पडल्या तेव्हा सगळे स्वयंपाकिणीला धरून बसले होते. दोष पाण्याच्या टाकीत पडलेल्या रंगाच्या डब्याचा आहे, हे जयश्रीबाईंनीच शोधलं होतं. तेव्हापासून गावात कोणावर नाहक आळ आला की लोक त्यांच्या दारात येत.

"मावशी, मोरेश्वरकाका असं करणार नाहीत. पण ते बोलूनच नाही राहिले."

"जो बोलत नाही त्याच्याकडे नंतर जाऊ," जयश्रीबाई चप्पल घालत म्हणाल्या. "आधी पंपाकडे. त्याला बोलण्याशिवाय दुसरं काम नाही."

त्यांनी चष्म्यावर भिंग धरून ती चार छिद्रं बघितली. मग पंपाच्या अंगावरून बोट फिरवत खाली नेलं आणि एका ठिकाणी थांबल्या.

"हा काय आहे, वीरेंद्र?"

"बनवणाऱ्या कंपनीचा नंबर असेल. ओतीव भागातच ठोकलेला असतो."

"वाचता येतो?"

"येतो. सहा आकडे आहेत."

"चोरीच्या गाडीचं पहिले काय करतात?"

वीरेंद्रने नंबरावरून अंगठा फिरवला.

"नंबर घासतात," जयश्रीबाईंनीच उत्तर दिलं. "इथं नंबर तसाच आहे. फक्त पाटी काढली, आणि तीही छिन्नीनं उचकटून नाही. खिळे बारीक ड्रिलनं एकेक करून काढलेत, कुठं ओरखडा नाही. चोराला इतका वेळ नसतो आणि इतकी माया तर नसतेच. ज्यानं पाटी काढली त्याला पंप लपवायचा नव्हता. त्या पाटीवरचं नाव लपवायचं होतं."

मग त्यांनी अमिताकडून झाकणाचा पट्टा सोडवून घेतला. आत, झाकण आणि पंपाच्या मध्ये बसणारी काळी रबरी रिंग खाचेबाहेर लोंबत होती. जयश्रीबाईंनी ती खाचेत बसवून बघितली. रिंग बसेना. एकीकडे दाबली की दुसरीकडे वर यायची. जणू ती या पंपाची नव्हतीच, मोठ्या मापाच्या पंपाची होती.

"चुकीच्या मापाची टाकली मोरेश्वरनं!" वीरेंद्र म्हणाला.

जयश्रीबाईंनी रिंग दोन बोटांत चिमटली. पावात रुतावीत तशी बोटं तिच्यात रुतली. त्यांनी ती नाकाशी नेली.

"मग शुक्रवारी दिवसभर पाणी कसं नाही गळलं?" त्या म्हणाल्या. "अमिता, शुक्रवार ते सोमवार, या पंपापाशी कोण कोण आलं होतं?"

अमिताला आठवायला वेळ लागला नाही. "मी, तृप्ती. आणि शनिवारी नागपूरचा गौतम. नवे पंप विकतो तो."

"एकटा होता?"

"अर्धा तास," अमिता म्हणाली, आणि भावाकडे बघितलं. "दादानं बोलावलं होतं त्याला."

३

संध्याकाळ व्हायच्या आत जयश्रीबाई तिगावला पोचल्या. मोरेश्वरचं घर स्टेशनच्या मागच्या बाजूला. तो बाजेवर बसला होता, पायाला हळद लावलेली. सुनेने पाणी आणून दिलं आणि ती दाराआड उभी राहिली, जायला तयार नाही.

"मी पाटीबद्दल विचारायला नाही आले," जयश्रीबाई म्हणाल्या. "पंप आणल्यावर त्यातलं तुम्ही काय काय बदललं, एवढं सांगा."

"काहीच नाई."

"रिंगा?"

"नाई बाई. ज्याच्याकडून आणला त्यानंच सांगतलं होतं, रिंगाले हात नको लावू, अजून दहा वर्षं चालतील. मी तृप्तीबाईले बी तसंच सांगतलं."

"का हात लावायचा नाही, हे सांगितलं त्यांनी?"

"थे नाई सांगतलं. अन् मी बी नाई विचारलं. त्या माणसाले मी कधी उलटून विचारत नाई." मोरेश्वर एकदम थांबला. आपण जास्त बोललो असं त्याला वाटलं असावं.

"पायाला डॉक्टरला दाखवा," म्हणून जयश्रीबाई उठल्या.

दाराबाहेर सून त्यांच्या मागे आली. हळू आवाजात म्हणाली, "मावशी, मामाजी आल्यापासून पेटीतली सगळी हत्यारं पुसून ठेवून राहिले. म्हणतात, ठाण्यात बसवलं त गंज चढेल. खरं सांगा, त्यायले धरून नेतील का?"

"अजून गुरुवार आला नाही," जयश्रीबाई म्हणाल्या.

४

मंगळवारी गौतम मेश्राम पांढुर्ण्यातच होता, एका जिनिंगवाल्याकडे आलेला. जयश्रीबाईंनी त्याला स्टेशनजवळच्या चहाच्या दुकानात गाठलं. तिशी-पस्तिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. अपघाताचं ऐकून त्याचा चेहरा उतरला होता.

"बाई, मी स्पष्टच सांगतो. लोक म्हणतील, जुना पंप बिघडला तर फायदा याचाच. मी शनिवारी गेलो होतो, वीरेंद्रभाऊंनी मापं घ्यायला सांगितलं म्हणून. पंपाचे फोटो काढले. बोटही लावलं नाही. पंप चालू होता, त्यात संत्र्याच्या सालीचा अर्क फिरत होता. चालत्या पंपाचं झाकण मी कसा उघडणार?"

त्याने मोबाइल पुढे केला. फोटोंवर शनिवारची वेळ होती. पंप, नळ्या, झाकण, सगळं कोरडं. कुठेही गळती नाही.

जयश्रीबाईंनी पिशवीतून कागदात गुंडाळलेली काळी रिंग काढून टेबलावर ठेवली.

गौतमने ती उचलली. दाबली. वास घेतला. मग ती उजेडाकडे धरून फिरवली. चहावर साय धरली.

"ही नवी आहे," तो शेवटी म्हणाला. "साच्याची रेघ अजून गेली नाही बघा. आणि माप बरोबर होतं हिचं. ही फुगली आहे."

"कशानं?"

"तेलानं. हे काळं रबर गरम पाण्यात, सोड्यात, दुधात वर्षानुवर्षं टिकतं. तेलाशी मात्र त्याचं जमत नाही. संत्र्याच्या सालीत तेल असतं. अर्क फिरवला, पंप तसाच भरलेला ठेवला..."

"शनिवारी संध्याकाळी बंद केला. रविवारी सुट्टी होती."

"मग झालं. चाळीस तास रिंग तेलात बसली. फुगली, मऊ पडली. सोमवारी उकळता काढा दाबानं आला, ती बाहेर ढकलली गेली."

जयश्रीबाई त्याच्याकडे रोखून बघत होत्या. "आणि तुमच्या नव्या पंपात कोणती रिंग असते?"

गौतमने मोबाइल खिशात ठेवला, पुन्हा काढला. बाहेर इटारसीकडे जाणारी मालगाडी लांबत चालली होती.

"हीच," तो म्हणाला. "कंपनीकडून सरसकट हीच काळी येते. मी त्यांना संत्र्याबद्दल विचारलंच नव्हतं. माझा पंप असता तरी त्या पोरीचा हात भाजला असता."

"हे सगळ्यांसमोर सांगाल?"

"सांगावंच लागेल. रात्री झोप यायला पाहिजे ना, बाई."

जयश्रीबाई उठता उठता थांबल्या. "तेलात टिकणारी रिंग मिळते का?"

"मिळते. तपकिरी रंगाची. महाग असते, मागवावी लागते. या भागात कोणी मागवत नाही." गौतमने कपाळ चोळलं. "म्हणजे आता नाही मागवत. माझे आधीचे साहेब सांगायचे, पूर्वी एक कारखाना दर वर्षी नेमानं मागवायचा."

"कुठला?"

५

त्याने गावाचं नाव सांगितलं, तरी जयश्रीबाई लगेच तिथे गेल्या नाहीत. गौतमच्या तोंडून कळलेली गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्या पुढे जाणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी ब्रुअरीच्या कपाटातून न वापरलेली एक काळी रिंग आणली. घरी संत्र्याच्या साली पिळून काचेच्या वाटीत तेल काढलं आणि रिंग त्यात बुडवून ठेवली. बुधवारी सकाळपर्यंत ती चांगलीच सुजली होती.

ती वाटी झाकून घेऊन त्या पांढुर्ण्याला तृप्तीच्या घरी गेल्या.

तृप्ती खाटेवर बसली होती, डावा हात कोपरापर्यंत पट्टीत. आई आत भाकरी थापत होती. जयश्रीबाईंनी वाटी खिडकीत ठेवली.

"दुखून राहिलं का गं?"

"थोडं थोडं."

"तृप्ती, मोरेश्वर म्हणतात त्यांनी पंपात काही बदललं नाही. पण रिंग तर नवीकोरी निघाली. शुक्रवारी पाण्यावर पंप चालला, तेव्हा त्यात दुसरीच रिंग असली पाहिजे. शनिवारी सकाळी अर्क सुरू झाला. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी, मोरेश्वर गेल्यावर, पंप कोणीतरी उघडला. अमिताला पट्टा सोडवता येतो, पण तिला नव्या रिंगा कोणत्या डब्यात असतात ते कालसुद्धा माहीत नव्हतं. मला शोधून द्यायला तिला पाऊण तास लागला."

तृप्ती खिडकीतल्या वाटीकडे बघत राहिली.

"मी बदलल्या," ती म्हणाली. "मावशी, मला खरंच चांगलं करायचं होतं. आम्हाला शिकवलं होतं, जुना पंप घेतला की आधी सगळ्या रिंगा बदला, आधीच्या मालाचे जंतू त्यात राहतात. काका म्हणाले हात लावू नको. मला वाटलं, जुन्या लोकांचा हट्ट असतो. ते गेल्यावर बदलल्या. स्वच्छ, नव्या. आणि मग सोमवारी..."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सोमवारी संध्याकाळी दवाखान्यात दादा काकांना चोर म्हणून राहिले होते. मी सांगणारच होते. पण तेव्हाच अमिताताई म्हणाली, तू काळजी करू नको, तुझी काहीच चूक नाही. त्यानंतर मला बोलताच नाही आलं." ती रडू लागली. "माझा हात त्यांनी धरून ठेवला होता नळाखाली. वीस मिनिटं. अन् मी गप्प बसले."

आतून भाकरीचा आवाज थांबला होता. आई दारात येऊन उभी होती, हाताला पीठ.

जयश्रीबाईंनी तृप्तीच्या डोक्यावर हात ठेवला. "तू जे शिकलीस ते खोटं नव्हतं. दुधाचा पंप असता तर तू केलं तेच बरोबर ठरलं असतं. संत्र्याचं तेल तुला कोणी शिकवलं नाही. पण गप्प बसण्याचं तुझं तूच निस्तर. उद्या सकाळी येशील?"

"येते."

"जुन्या रिंगा टाकून दिल्या?"

"नाही. माझ्या टेबलाच्या खणात आहेत." तृप्तीने डोळे पुसले. "त्या काळ्या नाहीत, मावशी. तपकिरी आहेत."

६

तपकिरी रिंगा हातात आल्यावर जयश्रीबाईंना उरलेलं कोडं कठीण राहिलं नाही. असा पंप वापरणारा माणूस वर्षानुवर्षं संत्र्याच्या सालीचं तेल हाताळणारा असणार. गौतमच्या साहेबांकडून दर वर्षी रिंगा मागवणारा कारखाना लोधीखेड्याचा होता. यशवंतराव गाखरेंचा संत्र्याच्या सरबताचा कारखाना. बंद पडून आठ वर्षं झाली होती.

बुधवारी उन्हं कलताना त्या लोधीखेड्याला पोचल्या. यशवंतराव अंगणात खुर्चीवर बसले होते. ऐंशीच्या घरातले, पांढराशुभ्र सदरा, काठी भिंतीला टेकवलेली. जयश्रीबाईंनी तपकिरी रिंग त्यांच्या तळहातावर ठेवली.

म्हाताऱ्याने ती न बघताच, नुसत्या बोटांनी ओळखली.

"मोरेश्वरनं सांगतलं तुम्हाले?"

"नाही. तो कोणालाच नाही सांगत. त्याला उद्या ठाण्यात नेतील, तरी सांगणार नाही." आणि जयश्रीबाईंनी सगळी हकिकत सांगितली.

यशवंतरावांनी रिंग बोटांत फिरवली.

"माझ्याकडे चाळीस बाया होत्या," ते म्हणाले. "संत्री सोलायले. कारखाना बंद केला त्या दिवशी मी त्यायले शब्द दिला, उघडीन म्हणून. दर दिवाळीले जाऊन सांगतो, यंदा उघडतो. पण आतली एकेक मशीन मी विकून राहिलो बाई. घर चालवावं लागते. प्रत्येक मशिनीवर कारखान्याच्या नावाची पाटी. कोणत्याही गावात ती पाटी दिसली असती, बायायच्या कानावर गेलं असतं का कारखाना रिकामा झाला. म्हणून मोरेश्वरले म्हटलं, पाटी काढ अन् माझं नाव कोणाले सांगू नको. तीस वर्षं तो माझ्या मशिनी सांभाळत आला, तेवढ्यात मी त्याले एवढंच मागतलं."

"आता तो ते पाळतो आहे."

"हौ." त्यांनी काठी जवळ ओढली. "उद्या गाडी पाठवा. माझ्याच्यानं बसनं होत नाई."

७

गुरुवारी सकाळी ब्रुअरीत सगळे जमले. वीरेंद्र, अमिता, पट्टी बांधलेली तृप्ती, नागपूरहून आलेला गौतम. मोरेश्वर शेवटी आला, स्वच्छ कपडे घालून, हातात पिशवी. ठाण्यात राहायच्या तयारीने आला होता.

जयश्रीबाईंनी फार लांबवलं नाही. टेबलावर दोन वाट्या ठेवल्या. दोन्हींत सालीचं तेल. एकीत काळी रिंग, सुजलेली. दुसरीत तपकिरी, रात्रभर बुडवलेली आणि होती तशीच. गौतमने रबराची गोष्ट सांगितली आणि आपल्या नव्या पंपाचीही. मग तृप्ती उभी राहिली आणि मोरेश्वरकडे बघत, एकदाही न थांबता, शुक्रवारची संध्याकाळ सांगितली.

मोरेश्वर तिचं ऐकून एवढंच म्हणाला, "मी बी काहून ते विचाराले पाहिजे होतं. तुले कारण सांगतलं असतं त तू नसतं बदललं."

"पण पाटी?" वीरेंद्रने विचारलं. "ती तर काढलीच ना?"

मोरेश्वरने पिशवी मांडीवर ओढली. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली आणि यशवंतराव काठी टेकत आत आले. त्यांना बघून मोरेश्वर चटकन उभा राहिला.

"साहेब, तुम्ही काहून आले? मी काही नाई सांगतलं."

"माहीत आहे मले. म्हणूनच आलो."

त्यांनी सगळ्यांसमोर, उभ्याउभ्याच, आपल्या तोंडाने सांगितलं. पंप माझा, विकला मी, नाव मीच लपवायला लावलं. ते बोलत असताना मोरेश्वर खाली बघत होता, जणू काही लाज वाटण्यासारखं त्यानेच केलं होतं.

वीरेंद्र पुढे झाला. त्याने हात जोडले. "काका, माझं चुकलं."

"भाऊ, माझ्यासंग ठीक आहे," मोरेश्वर म्हणाला. "पण चोर म्हटलं ते गावभर झालं. माझ्या सुनेनं ऐकलं. तिच्यासमोर येऊन एकदा सांगून द्या, बस."

"आजच येतो. इथूनच."

अमिताने तेवढ्यात ठरवून टाकलं होतं. पंप हाच राहणार. तपकिरी रिंगा परत बसतील आणि यापुढे दर वर्षी गौतम तशाच मागवून देईल. अर्क फिरवल्यावर पंप त्याच दिवशी धुऊन रिकामा करायचा, हे तृप्तीने स्वतःच्या अक्षरात लिहून भिंतीला लावायचं. हात बरा होईपर्यंत पंप मोरेश्वर चालवेल.

"आणि साली?" तिने यशवंतरावांना विचारलं. "आम्ही हातानं सोलतो, आतला पांढरा भाग येऊन कडू होतं. तुमच्याकडे कसं सोलायचे?"

यशवंतराव पहिल्यांदा जरा हसले. "मले कुठं येते? थे अंबाबाईले विचारा." आणि मग ते एकदम गंभीर झाले. "मले आज तिच्याकडे जायचंच आहे."

८

अंबाबाई वानखेडे कारखान्यात सोलणाऱ्या बायांची मुकादम होती. तिचं घर लोधीखेड्याला, कारखान्याच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडे. दुपारी गाडी तिथे थांबली तेव्हा ती ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. यशवंतरावांना बघून तिने पदर सावरला आणि घरातून खुर्ची आणवली. ते बसले नाहीत. मोरेश्वर आणि जयश्रीबाई मागे उभे राहिले.

"अंबाबाई, एक सांगाले आलो," यशवंतराव म्हणाले. "कारखाना आता उघडणार नाई. आत काही राहिलंच नाई. मशिनी मी विकल्या. सगळ्या. दर दिवाळीले मी तुम्हाले खोटं सांगत होतो."

अंबाबाई शेंगा सोलत राहिली. दोन शेंगा झाल्या, तिसरी झाली.

"आम्हाले माहीत आहे, साहेब," ती म्हणाली.

"काय?"

"पहिली मशीन गेली तवापासून. फाटक माझ्या डोळ्यांसमोर आहे. ट्रक येत होता, ताडपत्री बांधून जात होता. मागच्या महिन्यात मोरेश्वरनं पंप नेला बोऱ्यात गुंडाळून, तोबी माझ्या ओसरीसमोरूनच नेला." तिने मोरेश्वरकडे बघून मान हलवली. "आम्ही चाळीसही जणी जाणून होतो. कोणी कापसाले लागली, कोणी शाळेत सैपाकाले. सगळ्या आपापल्या मार्गानं लागल्या."

"मग कोणी बोललं काहून नाई? मी दर वर्षी येत होतो, तुम्ही माझं ऐकून घेत होत्या. चहा पाजत होत्या."

"का बोलायचं साहेब? तुम्ही आले का म्हणायचे, अंबाबाई, यंदा उघडतो. अन् म्हणता म्हणता तुमच्या तोंडावर उजेड यायचा. तो कोणी घालवायचा? आम्ही ठरवलंच होतं, साहेबाले कळू द्यायचं नाई का आपल्याले कळलं म्हणून."

यशवंतरावांनी खुर्चीची पाठ धरली आणि हळूहळू खाली बसले. त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. अंबाबाईने शेंगांची परात बाजूला सारली, उठली आणि आत डोकावून नातसुनेला म्हणाली, "चहा ठेव बाई. अन् साखर कमी टाक, साहेब फिका पितात."

जयश्रीबाई थोडं थांबून म्हणाल्या, "अंबाबाई, सौसरच्या रस्त्यावर एक पोरगी आहे. तिला संत्र्याची साल पांढरं न येऊ देता काढायची आहे. शिकवशील?"

"किती संत्री?"

"पुष्कळ."

"मग मी एकटी कशी पुरणार?" अंबाबाई म्हणाली आणि रस्त्यावर येऊन, फाटकापलीकडच्या घरांकडे तोंड करून, तिने मोठ्याने दोन नावं हाकारली.